अर्धी अनामिका

माझी करंगळी शाबूत होती आणि अनामिका अर्धी बधिर. आजाराचं नाव तिथंच लिहिलेलं होतं, पण ते वाचणारं माणूस भेटायला वर्ष गेलं.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, दिवसभर हातात सिकेटर (छाटणीची कात्री), पुढे विरळणीची कात्री. रात्री दोन-तीन वाजता उजव्या हाताच्या मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की उतरायच्या. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी मानेचा मणका धरला आणि गोळ्यांवर आठ महिने काढले. तोवर सदऱ्याचं बटण बोटांना कळेनासं झालं होतं.

मग नाशिकला गंगापूर रोडवर हाताच्या सर्जन मॅडमकडे गेलो. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात प्रत्येक बोटावरून फिरवली. अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला स्पर्श स्वच्छ कळला, मधल्या बोटाकडच्या बाजूला जवळजवळ नाहीच. "दादा, मानेतलं दुखणं सहसा बोट असं उभं चिरत नाही," त्या म्हणाल्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांच्या तळव्याकडची जाणीव मीडियन नस नेते, उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी अल्नर नस. मीडियन नस मनगटात 9 स्नायुबंधांबरोबर एका अरुंद बोगद्यातून जाते. माझी तिथंच दबली होती; या आजाराचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणाऱ्या एनसीव्ही तपासणीतही तेच आलं.

मला एक कोडं होतं. बोटं बधिर, मग अंगठ्याखालचा तळहात जागा कसा? त्यांनी पेनाने माझ्या हातावरच रेघ काढली. त्या भागाची फांदी मनगटाच्या घडीच्या साधारण 5 सेंटीमीटर आधीच मूळ नसेपासून फुटते आणि बोगद्याच्या छताच्या वरून जाते, म्हणून ती दबत नाही. पण वरून जाते म्हणूनच ऑपरेशनमध्ये नस मोकळी करायला ते छत कापताना चाकू चुकला तर सापडते, आणि मग त्या जागी कायमची झोंबणारी वेदना राहू शकते. त्यासाठी छेद अनामिकेच्या रेषेत घ्यायचा. हे ऐकून मी ऑपरेशनला होकार दिला. कुठे कापणार आणि का, हे इतकं उघड मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन त्या जागेपुरत्या भुलेवर झालं, संध्याकाळी घरी आलो. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात थांबल्या. बोटांच्या टोकांना मात्र वेळ लागतोय. खराब झालेले तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात, आणि मनगटापासून माझ्या मधल्या बोटाचं टोक 18 सेंटीमीटरवर आहे.

दर रविवारी बायको पेपरक्लिप वाकवून तिची दोन टोकं बोटावर टेकवते. निरोगी बोटाला 5-6 मिलिमीटरवर ती वेगळी कळतात. चार महिने झाले. तर्जनीला 7 वर कळतात, मधल्या बोटाला 9 वर. अनामिकेच्या दोन्ही बाजू गेल्या रविवारी सारख्या लागल्या. मी तिला परत टेकवायला लावलं.