यंत्रसामग्रीचं बिल आणा

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी पोर्टिंग करतो, म्हणजे पीसीवरचा गेम कन्सोलवर, प्लेस्टेशनसारख्या खेळाच्या यंत्रावर, चालता करायचा. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याचं एव्हीजीसी (अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स) धोरण मंजूर झालं, ३,२६८ कोटींचा आकडा पेपरात आला, मग सीए म्हणाला, काही मदत मिळते का बघायला जाऊन तरी या. गेलो एका सरकारी कार्यालयात.

साहेबांचा पहिला प्रश्न, "यात पैसे लावतात का हो?" त्यांचंही चूक नाही म्हणा, ऑगस्टमध्येच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आलेला, त्यामुळे गेमिंग म्हटलं की सगळ्यांना रमीच आठवते. लॅपटॉप उघडला, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, दोन मिनिटं खेळू दिलं आणि मध्येच केबल उपटली. गेम जागीच थांबला, स्क्रीनवर मेसेज, कंट्रोलर जोडा. साहेब म्हणाले, यात काय विशेष? म्हटलं साहेब, हा मेसेज आला नाही तर कन्सोल कंपनी अख्खा गेम परत पाठवते, मग दुरुस्त करा, परत सबमिट करा, परत वाट बघा, आणि तोवर पगार चालूच. अशा अटींची यादी लांबलचक असते.

मग फॉर्म. जागेचं क्षेत्रफळ, कामगार संख्या, यंत्रसामग्रीचं बिल आणि फोटो. आता आमच्याकडची सगळ्यात मोलाची यंत्रसामग्री म्हणजे डेव्ह किट, गेम बनवणाऱ्यांसाठीचा खास कन्सोल, आणि ते कन्सोल कंपनीने वापरायला दिलेलं, बिलच नाही, शिवाय गुप्ततेचा करार (एनडीए) आहे त्यामुळे फोटो काढायची सोय नाही. साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की मी स्मगलिंगचा माल दडवून बसलोय.

मी म्हटलं, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला, जो स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाही जात नव्हता, आणि त्यांचं क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करणं, फसलं होतं, बाहेरच्या पब्लिशरमुळे तरले. कोरियात सरकारने मे २०२४ मध्ये पाच वर्षांची योजना काढली, कन्सोलवर भर आणि थेट सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडोशी बोलणी. आपल्याकडे मात्र स्क्वेअर फूट विचारतात. (हे शेवटचं मनातल्या मनात.)

माणूस तसा चांगला निघाला. चहा मागवला, म्हणाले फॉर्ममध्ये रकाना नाही तर वेगळ्या कागदावर खर्च लिहून द्या. तिथेच बसून लिहिलं: टेस्टिंग, पुन्हा सबमिशन, जपानी भाषांतर. टेस्टिंग पटलं. जपानीवर अडले, "महाराष्ट्राचा पैसा जपानीवर कशाला?" म्हटलं एकट्या जपानात तीन कोटींच्या वर स्विच खपलेत, गिऱ्हाईक तिथे आहे साहेब, सदाशिव पेठेत नाही. हसले, कागद फाईलला लावला, पण त्या ओळीपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंच.