स्वाधीन

गावातली कॉलेजची पोरं मला सारखं विचारतात, "सरकार सांगतं ते खरं मानायचं का?" मी वकील नाही, लोकांचे अर्ज लिहून देतो. पण उत्तर म्हणून आमच्या घरचंच सांगतो. आम्ही कर्नाटकातल्या सीमाभागातले मराठी.

आमच्या शेतातून बायपास जाणार, अशी नोटीस आली. सगळी कन्नडमध्ये. तेव्हा मला कन्नड बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. शेजारची मुलगी कन्नड शाळेत जायची. तिनं ओसरीवर बसून घडाघडा वाचून दाखवलं. 'भूस्वाधीन' हा शब्द आला तशी आई म्हणाली, "म्हंजे जमीन आपल्या स्वाधीन झाली न्हवं?" मुलीनं होकारार्थी मान हलवली, तिलाही अर्थ ठाऊक नव्हता. आईनं नोटीस देवघरात ठेवली.

कन्नडमध्ये भूस्वाधीन म्हणजे भूसंपादन. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात. आम्हाला उलगडा झाला तोवर ते सरले होते.

नोटीशीत खोटं काहीच नव्हतं. सर्व्हे नंबरसुद्धा बरोबर होता. तरी ते 21 दिवस आई आनंदात होती, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

सीमाभागात सरकारी शिक्क्याचं खरं आम्ही लहानपणापासून पाहतो. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे काळ्या दिवसाची आमची निषेधाची सायकल फेरी. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल कर्नाटकाला अंतिम वाटतो, महाराष्ट्राला अमान्य. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण म्हणून मराठी कागद तेवढा खरा, असं मी पोरांना सांगत नाही. 'भूसंपादन' हा शब्द तरी आईनं कुठं ऐकला होता? मराठी नोटीस आली असती तरी ती कुणाकडून तरी समजूनच घ्यावी लागली असती. तिच्या बोलीत, चार प्रश्न विचारू देऊन तिला कुणी सांगितलं असतं, तर ती हरकत घेऊ शकली असती. माझ्या लेखी स्वातंत्र्य ते.

नंतर मी चाळिशीत कन्नड अक्षरं गिरवली. माहिती अधिकारात दहा रुपये भरून मोजणीचा नकाशा मागवला. त्यात आमची विहीर नव्हतीच. भांडून ती भरपाईत धरायला लावली. दुरुस्त नकाशा आला तेव्हा आईचं बोट धरून विहिरीच्या खुणेवर ठेवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आंबा?"

आंबा नव्हता. त्याच रात्री दुसरा अर्ज लिहायला घेतला.