मोआच्या मागावर: ड्युनेडिन ते करामेआ

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाणारे आपले बहुतेक लोक क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड पाहून परततात. पक्ष्यांचं वेड असेल आणि मोआ या नामशेष झालेल्या, न उडणाऱ्या अवाढव्य पक्ष्याचा माग काढायचा असेल तर त्यात दोन ठिकाणं वाढवा: ड्युनेडिनचं ओटागो म्युझियम आणि बेटाच्या पार वायव्येला, करामेआजवळच्या हनीकोम्ब हिल गुहा. आम्ही याच क्रमाने गेलो आणि तेच बरं झालं. संग्रहालयात अख्खा सांगाडा डोळ्यांत बसला की गुहेतली सुटी हाडं ओळखू येतात.

संग्रहालयात घाई करू नका. मोआच्या 9 जाती होत्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या जातीची मादी मान उंच केली की साडेतीन मीटरपर्यंत पोचायची आणि तिचं वजन 200 किलोच्या वर जायचं. नर तिच्यापुढे इतका लहान की अभ्यासक त्याला कितीतरी वर्षं वेगळीच जात समजत होते. 2003 मध्ये हाडांतल्या डीएनएने ते कोडं सुटलं. सांगाड्यासमोर उभं राहून खांद्यापाशी जरूर बघा. शहामृगाला, किवीला निदान खुजे पंख असतात. मोआला पंखाचं एकही हाड नाही. 1839 मध्ये लंडनला शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मांडीच्या हाडाच्या 15 सेंटीमीटरच्या तुकड्यावरून असा अवाढव्य पक्षी असणार हे ताडलं होतं. पुढच्या काही वर्षांत हाडांच्या पेट्या आल्या आणि ते खरं ठरलं.

माणसाशी या पक्ष्याची गाठ पडली ती सुमारे 700 वर्षांपूर्वी. तोवर या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मोआला भीती होती ती हास्ट गरुड या प्रचंड शिकारी पक्ष्याची. मग पॅसिफिकमधल्या पॉलिनेशिया बेटांवरून माओरींच्या पूर्वजांच्या होड्या आल्या, माणसांबरोबर कुत्री आली, जंगलं जळू लागली. मोआच्या हाडांत झाडासारखी वाढीची वलयं दिसतात. त्यांवरून कळतं की काही जाती पूर्ण वाढायला बरीच वर्षं घेत. एका वेळी अंडी एक किंवा दोन. असा पक्षी शिकारीचा वेग कसा सोसणार? माणूस आल्यावर दीडशे वर्षांच्या आसपास सगळ्या जाती संपल्या, आणि त्यांच्यावर जगणारा गरुडही गेला. 2014 च्या एका अभ्यासानुसार तेव्हा तिथली लोकसंख्या जेमतेम दोन-अडीच हजार होती. मला या आकड्याने फार अस्वस्थ केलं. इतकी थोडी माणसं पुरेशी होतात.

तरीही ‘माओरींनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, मोआ संपवला’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. कायमचं गेलेल्याबद्दल ‘मोआसारखा नाहीसा झाला’ असं माओरी आजही म्हणतात, आणि ठरावीक काळ शिकारीला, मासेमारीला बंदी घालणारी ‘राहुई’ची प्रथा त्यांच्यात आहे.

करामेआला वेस्टपोर्टहून सुमारे 100 किलोमीटर, घाटाचा रस्ता. पेट्रोल वेस्टपोर्टलाच भरा. पुढे ओपारारा खोऱ्यात जाणारा रस्ता अरुंद आणि खडीचा आहे. मोठी कॅम्परव्हॅन तिथे नेऊ नका. ओपाराराची प्रचंड नैसर्गिक कमान स्वतः चालत जाऊन पाहता येते. हनीकोम्ब हिलमध्ये मात्र वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, म्हणून जागा आधीच राखून ठेवा. चुनखडीच्या या डोंगराला वर जंगलात भोकं आहेत. चरता चरता मोआ त्यांत पडायचे, वर यायची वाट नसायची. हजारो वर्षांची हाडं अशी साठत गेली. विजेरीच्या उजेडात ती पाहताना वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून चला, हात लावू नका. हे काहुरांगी राष्ट्रीय उद्यान आहे. हाडाचा तुकडाही उचलणं गुन्हा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय फार चावतात. अंगभर कपडे आणि मलम हवंच. विमानतळावर बुटांची माती आणि खाण्याचे सगळे पदार्थ जाहीर करा. लोणचं, मसाले, लाडू लपवले तर जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात परदेशी पाहुण्यांना आता तिकीट आहे. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमची इमारत 2023 पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, तेव्हा तिथला बेत करण्याआधी चौकशी करा.

दक्षिण बेटाच्या ईशान्येला, ब्लेनहाइमजवळच्या वायराऊ बारची, म्हणजे वायराऊ नदीच्या मुखाजवळच्या दगडगोट्यांच्या पट्ट्याची, गोष्ट मात्र वेगळी. 1939 मध्ये जिम आइल्स या 13 वर्षांच्या मुलाला तिथे एका थडग्यात मोआचं अंडं सापडलं. त्याला पाणी साठवण्यासाठी भोक पाडलेलं होतं आणि ते मृताच्या सोबतीला ठेवलेलं होतं. ज्यांनी मोआ मारून खाल्ला त्यांनीच त्याचं अंडं आपल्या माणसाच्या उशाशी ठेवलं. नंतरच्या उत्खननात नेलेले मानवी अवशेष 2009 मध्ये रांगिताने या माओरी जमातीला परत मिळाले आणि तिथेच पुन्हा पुरले गेले. ती दफनभूमी आहे. फोटो काढायला म्हणून तिकडे वळू नका. त्या काळाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर संग्रहालयातच वेळ द्या.