साइनचा त्रिकोण

गुरुवार, रात्री ११.३०

आज प्रॅक्टिकलला ७४१ होता, सिग्नल मोठा करणारा ऑप-अँप आयसी. इन्व्हर्टिंग अँप्लिफायर, १० के आणि १०० के ओहमचे रेझिस्टर, म्हणजे गेन १०, सिग्नल दहापट. १ किलोहर्ट्झला १ व्होल्ट पीक दिला आणि सीआरओवर (ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर) १० व्होल्टची सुरेख साइन वेव्ह उमटली. मग फ्रिक्वेन्सी वाढवत गेले आणि २० किलोहर्ट्झला साइनचा चक्क त्रिकोण झाला! उंचीही घटली.

अर्धा तास गेला. वायरी काढून पुन्हा लावल्या, प्रोब बदलला, आयसी बदलला. त्रिकोण काही हलेना. माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं: गेन-बँडविड्थ (गेन आणि फ्रिक्वेन्सीच्या गुणाकाराची मर्यादा) १ मेगाहर्ट्झ, म्हणजे या सर्किटला ९० किलोहर्ट्झपर्यंत तरी चालायला हवं. मग २० लाच हे काय?

मॅडम आल्या, स्क्रीनकडे पाहिलं. "आयसी चांगला आहे गं. ती तिरकी रेघ मोज बघू." एवढंच म्हणून पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मोजली. २५ मायक्रोसेकंदांत जवळपास साडेबारा व्होल्ट. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. डेटाशीट उघडलं तर स्लू रेटसमोर, म्हणजे आउटपुट बदलण्याच्या कमाल वेगासमोर, तोच आकडा, ०.५! व्हायवासाठी कितीदा घोकला होता मी तो. आज तो स्क्रीनवर तिरका उभा होता आणि मला ओळखू आला नाही.

घरी येऊन गणित मांडलं. १० व्होल्ट पीकची साइन २० किलोहर्ट्झला काढायची तर शून्यापाशी मायक्रोसेकंदाला सव्वा व्होल्ट चढायला हवं. ७४१ ला ते जमत नाही. आत ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर आहे आणि तो भरायला पहिल्या स्टेजकडून जेमतेम १५ मायक्रोअँपिअर मिळतात. भागून पाहिलं, पुन्हा अर्धा व्होल्टच! १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत ७४१ घडवणाऱ्या डेव्ह फुलागर यांनी तो कपॅसिटर चिपमध्येच घेतला, म्हणून ऑसिलेशन (सर्किटचं आपोआप डोलणं) टाळायला आपल्याला बाहेरून काही जोडावं लागत नाही. जो कपॅसिटर सर्किटला स्थिर ठेवतो, त्याच्याचमुळे वेगाला लगाम बसतो. हे कळल्यावर किती वेळ मी नुसती त्या आकृतीकडे बघत बसले.

लॅब सुटायच्या आधी इनपुट ०.२ व्होल्टवर आणून पाहिलं होतं. त्याच २० किलोहर्ट्झला साइन अगदी स्वच्छ. तेव्हा का ते कळलं नव्हतं, आता कळलं: २ व्होल्टच्या आउटपुटला पाव व्होल्टचाच वेग पुरतो.

पार्टनर म्हणत होता, २० चं रीडिंग गाळू, ग्राफ बिघडतो. मी नाही गाळलं. जर्नलमध्ये त्रिकोण काढला, शेजारी कारण लिहिलं. हिशोबाने १० व्होल्टची मर्यादा ८ किलोहर्ट्झच्या आसपास येते. उद्या मॅडमना विचारून ७ आणि ९ ला रीडिंग घ्यायचंय, साइन नेमकी कुठे मोडते ते बघायला.