कलम लावायला शिकताना : आधी घटक, मग आकडा

1 जुलै 2024 नंतर पोलीस प्रशिक्षणात येणाऱ्याला दोन पुस्तकांचे, जुन्या भारतीय दंड संहितेचे आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे, आकडे सांभाळावे लागतात. ठाण्यात जुनी मंडळी अजून ‘तीनशे दोन’, ‘चारशे वीस’ असेच बोलतात. भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा 103 मध्ये आहे, 302 हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांचे कलम आहे आणि 420 मुळातच नाही, कारण संहिता 358 ला संपते. कोणते पुस्तक उघडायचे हे गुन्हा घडल्याच्या तारखेवर ठरते, फिर्याद आल्याच्या तारखेवर नाही. जून 2024 मधल्या फसवणुकीची फिर्याद आज आली, तर कलम जुन्या भारतीय दंड संहितेचे आणि तपासाची पद्धत नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची.

म्हणून मी आकड्यांच्या मागे लागलो नाही. गुन्ह्याचे घटक एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकासमोर तो कशाने सिद्ध होईल ते लिहायचे : साक्षीदार, कागद, मुद्देमाल, वैद्यकीय दाखला. जी ओळ रिकामी राहील, तो फिर्यादीला विचारायचा पुढचा प्रश्न. ही सवय लागली की परीक्षेतले प्रसंगावरचे प्रश्न सुटतातच, शिवाय ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसल्यावर फिर्यादही नेमकी उतरते.

चोरीचे (कलम 303) घटक पाच : वस्तू जंगम म्हणजे हलवता येणारी, ती दुसऱ्याच्या ताब्यात, त्याची संमती नाही, हेतू अप्रामाणिक आणि त्यासाठी वस्तू हलवली. यात मालकी कुठेच नाही, ताबा आहे. आता एकच मोबाइल घ्या. खिशातून काढला तर चोरी. हातातून हिसकावला तर 304, जबरी हिसकावणी. विश्वासाने सोपवला आणि घेणाऱ्याने नंतर नियत बदलून विकून टाकला, तर 316, विश्वासघात. सुरुवातीलाच खोटे बोलून, फसवून घेतला, तर 318, फसवणूक. शेवटच्या दोहोंत फरक एवढाच की लबाडी मनात कधी आली. वस्तू हातात येण्याआधी असेल तर फसवणूक, नंतर असेल तर विश्वासघात. त्यामुळे त्याच व्यवहारासाठी दोन्ही कलमे सोबत लावणे तर्काला धरून नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हेच सांगितले आणि देशभरच्या पोलिसांना हा फरक शिकवायला हवा, असेही सुनावले. तरी ‘असू दे, दोन्ही लाव’ ही वृत्ती जात नाही. ही खबरदारी नव्हे, निव्वळ आळस आहे.

चोरीची जबरी चोरी (309) कधी होते, यातही अशीच गफलत होते. मारहाण झाली एवढे पुरत नाही. ती चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन जाण्यासाठी झालेली हवी. चोराने माल टाकून दिला आणि निव्वळ सुटण्यासाठी पाठलाग करणाऱ्याला दगड मारला, तर चोरी वेगळी आणि दुखापत वेगळी. फिर्यादीत ‘माल त्या वेळी कोणाकडे होता’ हे वाक्य नसेल, तर पुढे याच मुद्द्यावर कलम पडते.

दुखापतीत टाके मोजायची सवय सोडावी. कलम 116 मध्ये टाक्यांचा उल्लेख नाही. गंभीर दुखापतीचे आठ प्रकार तिथे दिले आहेत. हाड किंवा दात मोडणे वा निखळणे त्यात येते, तसेच 15 दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे हेही येते. पूर्वी ही मुदत 20 दिवसांची होती. नुसते इस्पितळात दाखल असणे म्हणजे व्यवहार करता न येणे नव्हे. साधी दुखापत, 115(2), अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. एक्स-रेत हाड मोडलेले दिसले की 117(2) लागते आणि गुन्हा दखलपात्र होतो. एकाच घटनेत एक जरी कलम दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे.

आता सात वर्षांच्या शिक्षेचा आकडा. नागरिक सुरक्षा संहितेत तो वेगवेगळ्या शब्दांत येतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवायचा, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालापासून (2013) पक्का आहे. गुन्हा नोंदवण्याआधीची 173(3) ची प्राथमिक चौकशी फक्त तीन वर्षे किंवा अधिक, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, 14 दिवसांत. अटकेऐवजी 35(3) ची हजर राहण्याची नोटीस पाहायची ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेत, म्हणजे इथे सात धरून. आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी आणण्याची 176(3) ची तरतूद सात किंवा अधिक वर्षांसाठी. 318(4) ची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. त्यामुळे ते कलम पहिल्या तरतुदीत बसत नाही, दुसऱ्या दोहोंत बसते. मी हे एकच उदाहरण पक्के ठेवले आहे, बाकीचे त्यावरून ताडता येते.

अटकेबद्दल थोडक्यात. अटक करता येते आणि अटक आवश्यक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवश्यक का, हे लेखी लिहायचे, आणि नमुन्यातल्या सगळ्या कारणांवर बरोबरच्या खुणा करून भागत नाही. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावली असे धरत नाहीत. अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची. 24 तासांत न्यायालयापुढे हजर करायचे, प्रवासाचा वेळ वगळून.

सर्वांत जास्त मुद्देमाल वाया जातो तो निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीने सांगितल्यावरून वस्तू काढून देताना केलेल्या पंचनाम्यात. पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 23 नुसार चालत नाही. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला भागच चालतो. ‘मी त्याला चाकूने मारले आणि चाकू गोठ्यामागे पुरला आहे’ यातले पहिले अर्धे वाक्य न्यायालय बाजूला ठेवते. दुसरे टिकण्यासाठी ती जागा पोलिसांना आधी माहीत नसावी. निवेदन आरोपीच्याच शब्दांत हवे, ‘सदर इसमाने सदरचे हत्यार’ अशा ठाण्याच्या भाषेत नको. पंच दर वेळी तेच नसावेत. वस्तू जागेवरच गुंडाळून, लाखेची मोहोर करून, पंचांच्या सहीची चिठ्ठी आत जायला हवी.

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने सक्तीचे आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. चित्रीकरण मोहोर करून झाल्यावर सुरू केले तर त्याचा उपयोग शून्य. आत शिरण्याआधी सुरू करावे आणि यादीवर सह्या होईपर्यंत चालू ठेवावे. ते पुरावा म्हणून दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या 63(4) चे प्रमाणपत्र दोन भागांत लागते : उपकरण हाताळणाऱ्याचा अ भाग, तज्ज्ञाचा ब भाग, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा. ते मूल्य पंचनाम्यात त्याच वेळी नोंदवले नसेल, तर प्रयोगशाळेत गेलेली फाइल तीच आहे का, हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो.