बाबांचा पीएसए परत वाढला

तीन वर्षांआधी नागपूरला बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो, कारण अख्खी ग्रंथीच काढून टाकली म्हटल्यावर आता काय राहिलं. दर सहा महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन, ते वाढलं तर कॅन्सर परतल्याची शंका) तपासायला रक्त द्यायचं, रिपोर्टवर ०.१ च्या खाली आकडा बघायचा आणि परत कापसात. यावेळी ०.२ च्या वर आला. डॉक्टर म्हणाले पुन्हा एकदा तपासू, एका रिपोर्टवर ठरवत नाही. दुसऱ्यांदाही वाढलेलाच निघाला.

आई म्हणे, "अवं पण ते काढलं होतं ना?" मग बाबांनीच तिला समजावलं, "निंदण कितीबी चांगलं केलं तरी हराळीची एखादी काडी राहतेच वं." आमच्या डॉक्टरांपेक्षा सोपं सांगितलं खरं तर.

आता रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे, आणि सोबत तीन महिन्यांतून एक हार्मोनचं इंजेक्शन. रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं पाहिजे, म्हणजे आतडं वर सरकतं. पण नंबर लागेपर्यंत बाबा खुर्चीवर पाय आवळून बसतात, त्यांना हे सगळ्यात जड जातं, दुखण्यापेक्षाही. नागपुरात खोली घेतली आहे, रोज गावावरून एसटीने जमलंच नसतं.

इंजेक्शनने अंगातून वाफा निघतात त्यांच्या. ऐन थंडीत रात्री गोधडी फेकून देतात अन् आईला म्हणतात, "तुले कशा होत होत्या, आत्ता समजलं."

तूर कोण काढणार ते अजून ठरलं नाही.