घंटेतला कोमल गंधार

आजचा वेळ लिहिण्यापेक्षा खोडण्यातच गेला. कॅरिलॉनसाठी, म्हणजे मनोऱ्यावरच्या घंटांच्या, हातापायांनी वाजवायच्या वाद्यासाठी रचना करायची तर हे चालायचंच. या वाद्यात वाजलेला स्वर थांबवायची सोय नाही. वादक लाकडी दांड्यावर मूठ मारतो, तारेने लोलक ओढला जातो, घंटेवर आघात होतो आणि तिथे वादकाचा अधिकार संपतो. पुढे घंटा आपल्या मर्जीने वाजत राहते. खर्जातली घंटा तर इतकी रेंगाळते की चार मात्रा आधीचा स्वर पुढच्या ओळीत येऊन बसतो. म्हणून डाव्या हाताचं आणि पायांचं काम निम्म्याने कमी केलं. वरच्या घंटा मात्र चटकन विझतात. तिथे सूर धरून ठेवायचा तर दोन्ही मुठींनी भरभर आघात करावे लागतात. बेल्जियममधल्या मेखेलेनच्या येफ डेनेन या वादकाने हे तंत्र गाजवलं. कॅरिलॉनवादनाची पहिली शाळाही त्याचीच, १९२२ची. मला ते थोडंच आवडतं. जास्त झालं की सूर रडका होतो.

पण खरा पेच गंधाराचा. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप उमटतो. घंटेचं उलटं आहे. तिच्या आकारामुळे तिच्या पोटात कोमल गंधार असतो आणि तो अगदी ठळक ऐकू येतो. सतराव्या शतकात घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी त्या आतून कातून हे अंतर्गत स्वर सुरात आणले (त्यांचं पहिलं सुरेल कॅरिलॉन १६४४चं, नेदरलँड्समधल्या झुटफेनचं), पण कोमल गंधार कोमलच राहिला. आता मी सा-ग-प असा साधा, आनंदी स्वरमेळ लिहिला, तर षड्जाच्या घंटेतला कोमल गंधार आणि मी लिहिलेला शुद्ध गंधार एकमेकांवर आदळतात. पियानोवर जे प्रसन्न वाटतं ते मनोऱ्यावरून करकरतं. १९८०च्या दशकात नेदरलँड्समध्ये शुद्ध गंधाराच्या घंटाही ओतल्या गेल्या; त्या मला पटत नाहीत. घंटेची उदासीच काढून घेतली, तर उरलं काय?

मग घंटेच्या कलाने घ्यायचं. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध असे कोमल गंधाराच्या अंतराने स्वर घेतले आणि त्यांच्या मधे आणखी चार भरले, की पूर्ण आणि अर्ध्या स्वराचं अंतर आलटून पालटून येणारी आठ स्वरांची पंगत तयार होते. त्यातली कुठलीही घंटा वाजवा, तिच्या पोटातला कोमल गंधार त्याच पंगतीत सापडतो. कुणी उपरा राहत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत संगीतकार रॉय हॅमलिन जॉन्सन यांनी ही वाट धरली, आणि ती इतकी रुळली की आता जरा जपूनच चालावं लागतं; चार ओळींतच सगळं एकमेकांसारखं वाटू लागतं. मी मधल्या भागापुरतीच ती घेतली आहे. सुरुवातीला शुद्ध गंधार हवाच होता, तो वरच्या सप्तकात नेला आणि षड्जाचा पहिला जोर ओसरल्यावर ठेवला. तिथे तो खपतो.

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या मॅथियस व्हॅन डेन घेनची कॅरिलॉनसाठी लिहिलेली अठराव्या शतकातली प्रील्यूड (छोट्या रचना) पुन्हा चाळली. मोठ्या स्वरमेळाची हौस तो सुट्या स्वरांच्या धावत्या लडीवर भागवतो. दोन मुठी, दोन पाय एवढ्याच भांडवलात किती गर्दीचा भास!

शेवटी लयीचा आकडा काढून टाकला. तेवीस घंटांचा हलका संच असेल तर ही रचना पळवता येईल. पन्नासच्या आसपास घंटा आणि खाली टनावारी वजनाचं कांसं असेल, तर तीच लय चिखल करेल. कागदावर फक्त ‘खालचा षड्ज मोकळा होऊ द्यावा’ एवढं लिहिलं आहे. किती वेळ, ते मनोऱ्यावरचा वादक ठरवेल.